क्लाउडवरच्या डेटाबेसचा खासगी आयपी बदलताना: कामाच्या नोंदी

औषधांच्या एका घाऊक वितरकाचं बिलिंग आणि साठा आमच्याकडे आहे. पेढी प्रिन्सेस स्ट्रीटला, गोदाम भिवंडीत, आमचं ऑफिस दादरला. डेटाबेस गूगल क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, क्लाउड एसक्यूएलवर (गूगलच सांभाळतं ती डेटाबेस सेवा), मायएसक्यूएल ८.०. त्याला सार्वजनिक आयपी दिलेला नाही, फक्त खासगी. पेढी आणि गोदाम व्हीपीएननं (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित टनेलनं) जोडलेली. हेच काम ज्यांच्या वाट्याला येईल त्यांच्यासाठी या नोंदी. आयपी बदलून लिहिलेत, रचना खरी आहे.

२३ जून, सोमवार

गोदाम नव्या जागेत गेलं. मोठ्या वेअरहाउसमधला एक गाळा भाड्यानं घेतलाय. तिथलं वायफाय, फायरवॉल, सगळं जागामालकाचं. सगळ्या भाडेकरूंना मिळून एकच सपाट नेटवर्क: १०.६०.०.०/१६, म्हणजे १०.६० नं सुरू होणारे सगळे पत्ते. आपला डेटाबेस १०.६०.८.३ वर.

सकाळी गोदामातून बिलिंग लागेना. क्लाउडच्या बाजूला टनेल हिरवा, म्हणजे चालू. गोदामातल्या मुलानं डेटाबेसच्या आयपीला पिंग मारलं तर लगेच उत्तर, त्यामुळे नेटवर्क ठीक आहे असं धरून सगळा वेळ पासवर्ड आणि युजर तपासण्यात गेला. दुपारी मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट थेट तपासला तेव्हा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. डेटाबेस बंद असता तर पेढीवरूनही ओरड आली असती. त्याला फोनवर सांगितलं, ब्राउजरमध्ये तोच आयपी टाक. बारकोड प्रिंटरचं सेटिंगचं पान उघडलं. शेजारच्या गाळ्यातला प्रिंटर, त्याचाही पत्ता १०.६०.८.३.

गोदामातल्या प्रत्येक मशीनचा मास्क (पत्त्याचा किती भाग आपल्याच नेटवर्कचा ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.०.०. त्यामुळे १०.६० नं सुरू होणारा कुठलाही पत्ता त्याला घरचाच वाटतो. ते तो पत्ता स्थानिक नेटवर्कवरच शोधतं, पॅकेट गेटवेकडे जातच नाही. टनेल कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य.

तात्पुरता उपाय म्हणून वेअरहाउसच्या नेटवर्कवाल्यानं फायरवॉलवर १९२.१६८.२५०.१० हा खोटा पत्ता उभा केला आणि तो टनेलमधून डेटाबेसकडे वळवला. संध्याकाळी बिलं निघायला लागली. पण हातातले काही स्कॅनर लागत होते, काही नाही. न लागणाऱ्या स्कॅनरांचे पत्ते बघितले तर सगळे १०.६०.८ मधले. त्यांची विनंती डेटाबेसपर्यंत पोचत होती, पण उत्तर पाठवताना क्लाउडला तो पत्ता डेटाबेसच्याच शेजारचा वाटत होता, म्हणून उत्तर टनेलकडे येतच नव्हतं. विनंती पाठवणाऱ्याचा (सोर्स) पत्ताही फायरवॉलवर बदलून पाठवल्यावर तेवढ्यापुरतं भागलं.

हे कायम ठेवायचं नाही असं ठरवलं. या गोदामातून इन्सुलिन आणि लसींची खोकी जातात. बिल अडलं की माल शीतपेटीत थांबतो आणि गाडी दारात उभी राहते. दुसऱ्याच्या फायरवॉलमधल्या दोन नियमांवर एवढं अवलंबून राहणं बरोबर नाही. जागामालक इतक्या भाडेकरूंचं नेटवर्क आपल्यासाठी बदलणार नाही, आणि बदलावं असं म्हणणंही रास्त नाही. हलायचं तर आपल्या डेटाबेसनं.

२५ जून

डेटाबेससाठी नवा पट्टा (आयपी पत्त्यांची सलग रांग) निवडला. त्याआधी प्रत्येक ठिकाणचं नेटवर्क विचारून एका शीटमध्ये लिहिलं: पेढी, गोदाम, दादर ऑफिस, क्लाउडमधलं सबनेट, आणि घरून काम करणाऱ्यांचे राउटर. ही शीट जागा घेतानाच हाताशी असती तर ही वेळ आली नसती. गाळा बघताना भाडं, लोडिंगचा धक्का, वीज हे सगळं विचारलं जातं. नेटवर्कचा पट्टाही त्याच यादीत हवा.

खासगी वापराला तीनच कुळं मोकळी आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. ती १९९६ च्या आरएफसी १९१८ नं ठरवून दिली. १९२.१६८ घराघरांतल्या राउटरांनी व्यापलेलं. १७२ मध्ये जागा दिसत होती, पण १७२.१७.०.०/१६ हा डॉकरचा (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाचा) स्वतःचा डिफॉल्ट पट्टा आहे. क्लाउड एसक्यूएलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की त्या पट्ट्यातून खासगी आयपीवरच्या डेटाबेसला जोडणी होत नाही. डॉकर कंपोजची नेटवर्कही सहसा पुढच्या १७२.१८ वगैरेंत जाऊन बसतात. तो विचार तिथेच सोडला.

घेतला १०.८४.१६.०/२० (४,०९६ पत्ते). फक्त /२४ (२५६ पत्ते) घेऊनही चाललं असतं, पण गूगल प्रत्येक रीजनला आणि प्रत्येक प्रकारच्या डेटाबेसला किमान एक /२४ वेगळा काढून ठेवतं. उद्या पोस्टग्रेस आणलं तर /२४ लगेच अपुरा पडेल. पट्टा राखून ठेवायला पैसे पडत नाहीत.

क्लाउड एसक्यूएलमध्ये जुना खासगी आयपी खोडून नवा लिहायची सोय नाही. पट्टा आपण ठरवायचा, त्यातला नेमका आकडा तेच देतात. दोन वाटा होत्या. पहिली, नव्या पट्ट्यात डेटाबेसचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करायचा आणि सगळ्यांना क्लोनवर न्यायचं. पण क्लोनबरोबर जुने बॅकअप येत नाहीत आणि इन्स्टन्सचं (चालू डेटाबेस सर्व्हरचं) नावही बदलतं. दुसरी, इन्स्टन्स तात्पुरत्या व्हीपीसीत (क्लाउडमधल्या खासगी नेटवर्कमध्ये) हलवायचा आणि परत मूळ व्हीपीसीत आणायचा. परतताना नवा पत्ता मिळतो. दुसरी घेतली. तिच्यात डेटाबेस पूर्ण वेळ बंद असतो, हे पेढीच्या शेठना आधीच सांगितलं. ते म्हणाले, “शनिवारी रात्री करा, रविवारी बाजार बंद असतो. पण महिन्याच्या वीस तारखेजवळ नको.”

३० जून

हा सगळ्यात लांबलेला भाग. जुना आयपी कुठे कुठे लिहिलाय ते शोधणं.

कोडमध्ये शोधणं सोपं, एका दुपारचं काम. अवघड आहे ते कोडबाहेरचं. डेटाबेसलाच विचारायचं ठरवलं: दर पाच मिनिटांनी प्रोसेसलिस्ट (त्या क्षणी कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी) काढून त्यातले युजर आणि क्लायंटचे आयपी एका टेबलात साठवायचे. छोटी स्क्रिप्ट, क्रॉनवर (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीवर) लावली. एका दिवसात ठळक नावं आली: बिलिंगचं अ‍ॅप, साठ्याचं अ‍ॅप, रात्रीचा अहवाल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेढीवरून असा एक आयपी आला जो कुणालाच ओळखता येईना. तो निघाला माळ्यावरच्या जुन्या पीसीचा. कंपन्यांना परत करायच्या, मुदत संपलेल्या औषधांची नोंद त्याच्यावर होते, आणि ती आठवड्यातून एकदाच होते.

यावरून एक गोष्ट कळली. मोजणी निदान एक पूर्ण महिना चालायला हवी, कारण काही कामं महिन्यातून एकदाच होतात. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता, म्हणून उरलेलं माणसांना विचारून काढलं. हिशेब बघणाऱ्या ताईंना विचारलं, “एक्सेलमध्ये डेटा थेट येतो का?” त्या म्हणाल्या, “हो, जीएसटीआर-१ च्या वेळेला. अकरा तारखेच्या आत भरायचा असतो ना, तेव्हा रिफ्रेश दाबते.” मोजणीत त्यांचा पीसी कुठेच नव्हता.

दोन प्रोग्रॅम क्लाउड एसक्यूएल ऑथ प्रॉक्सीतून जातात. प्रॉक्सीला आयपी लागत नाही. प्रोजेक्ट, रीजन आणि इन्स्टन्स मिळून होणारं कनेक्शन नाव लागतं. त्या दोघांसाठी काहीच करायचं नव्हतं. बाकी सगळीकडे आकडाच आकडा.

४ जुलै

डेटाबेसला नाव दिलं. क्लाउड डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेत) खासगी झोन, त्यात एक ए रेकॉर्ड (नाव आणि त्याचा आयपी अशी नोंद), सध्या जुन्याच आयपीवर. आयपी बदलायच्या आधी सगळ्यांना या नावावर आणायचं, म्हणजे बदलाच्या रात्री एकाच जागी आकडा फिरवावा लागेल. मला विचाराल तर या सगळ्या कामातलं हेच मुख्य काम. पुढचं काही करायचं नसलं, आयपी कधीच बदलायचा नसला, तरी एवढं आजच करून ठेवा.

गोदाम आणि पेढीवरून हे नाव सापडेना. खासगी झोन व्हीपीसीच्या आतल्यांनाच दिसतो. डीएनएस सर्व्हर पॉलिसी करून इनबाउंड फॉरवर्डिंग चालू केलं की सबनेटमधला एक आयपी बाहेरून येणारे प्रश्न घ्यायला उभा राहतो. दोन्हीकडच्या राउटरवर तेवढ्या एका झोनचे प्रश्न टनेलमधून त्या आयपीकडे वळवले. पेढीवर पाच मिनिटांत झालं. गोदामात फायरवॉल त्यांची, त्यामुळे त्यांच्या माणसाची वेळ मिळेपर्यंत थांबावं लागलं.

एसएसएलबद्दल: सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर आपण दिलेलं हे नाव नसतं. म्हणून क्लायंटमध्ये व्हेरिफाय सीए (सर्टिफिकेट कुणी दिलं एवढंच तपासणारं) ठेवलं. व्हेरिफाय आयडेंटिटी (नावही तपासणारं) ठेवलं तर जोडणी नाकारली जाते.

जावाच्या बिलिंग अ‍ॅपनं नाव किती वेळ लक्षात ठेवायचं तेही बघितलं. डिफॉल्ट ३० सेकंद, चालेल. पण कनेक्शन पूल उघडलेली जोडणी हिकारीच्या (जावातल्या पूल लायब्ररीच्या) डिफॉल्टनं अर्धा तास धरून ठेवू शकतो. बदलाच्या रात्री अ‍ॅप बंद करून परत चालू करायचं, असं कागदावर लिहून ठेवलं.

८ जुलै

रंगीत तालीम. खऱ्या इन्स्टन्सचा क्लोन काढला. तो त्याच व्हीपीसीत येतो. तात्पुरती व्हीपीसी, तिच्यात राखीव पट्टा आणि खासगी सेवा जोडणी (व्हीपीसी गूगलच्या सेवांशी जोडणारी) आदल्या दिवशी करून ठेवली होती. मूळ व्हीपीसीच्या जोडणीत जुन्या पट्ट्याशेजारी नवाही घातला. हे घालताना सरळ कनेक्ट कमांड दिली तर ती नाकारते आणि अपडेट वापरा म्हणते.

जीक्लाउडच्या (गूगल क्लाउडच्या कमांड-लाइन साधनाच्या) बीटा पॅच कमांडला नेटवर्क म्हणून तात्पुरती व्हीपीसी दिली. गेला. पुन्हा पॅच, नेटवर्क मूळ व्हीपीसी. आला. आयपी बघितला: १०.६०.८.५. गेला तसा जुन्याच पट्ट्यात परत.

जोडणीत दोन्ही पट्टे उभे असताना कुठला घ्यायचा हे आपण सांगितलेलं नव्हतं, आणि जुन्यात जागा शिल्लक होती.

९ जुलै

जोडणी अपडेट केली, या वेळी यादीत फक्त नवा पट्टा, सोबत फोर्सचा पर्याय. फोर्स लावल्याशिवाय वापरात असलेला पट्टा यादीतून निघत नाही. हा शब्द बघून हात थांबतो, कारण खरा डेटाबेस त्याच जुन्या पट्ट्यात चालू असतो. आधीच्या इन्स्टन्सना याचा धक्का लागत नाही असं दस्तऐवज सांगतो. तरीही आम्ही हे रात्री केलं, आणि करताना पेढीच्या अ‍ॅपचा लॉग डोळ्यांसमोर ठेवला. एकही जोडणी तुटली नाही.

क्लोन पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आयपी: १०.८४.१६.३. जमलं.

क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवरून क्लोन लागला. गोदामातून नाही, पेढीवरूनही नाही. क्लाउड राउटर डिफॉल्टनं आपल्या व्हीपीसीची सबनेटच पलीकडे जाहीर करतो; पिअरिंगपलीकडचा (गूगलच्या नेटवर्कशी केलेल्या जोडणीपलीकडचा) डेटाबेसचा पट्टा त्यात येत नाही. जुना पट्टा कधीतरी हातानं घातलेला होता, नवा कुणी घालायचा? कस्टम जाहिरातीत १०.८४.१६.०/२० टाकल्यावर पेढी लागली. गोदामात त्यांच्या फायरवॉलला ३३०६ साठीचा बाहेर जायचा नियमही नव्या पट्ट्यासाठी हवा होता. उलट दिशेसाठी पिअरिंगवर कस्टम रूट एक्स्पोर्ट चालू असावं लागतं. ते आमच्याकडे आधीपासून चालू होतं. नव्यानं जोडणी करणाऱ्यांनी आधी हेच बघावं.

मग गोदामातून जोडणी पोचली आणि १०४५ आला, प्रवेश नाकारला. मायएसक्यूएलच्या युजरला जुन्या गोदामाच्या पट्ट्यापुरतीच परवानगी होती. इतके दिवस फायरवॉल सोर्स पत्ता बदलत होती म्हणून हे झाकलेलं राहिलं. १०.६० साठी युजर नव्यानं केला, खऱ्या डेटाबेसवरसुद्धा.

बाहेर जायला किती वेळ लागतो ते नीट मोजायला क्लोन परत एकदा तात्पुरत्या व्हीपीसीत नेला आणि १० तारखेला तिथेच पुसून टाकला. एकेका हालचालीला दहा मिनिटांच्या वर गेली. म्हणून शेठना तासाभराची बंदी सांगितली. क्लोनचं भाडं दोन हजारांच्या आत राहिलं. तालमीशिवाय यातली एकही गोष्ट कळली नसती, तेव्हा हा खर्च वाचवायचा विचारही करू नये.

११ जुलै

ताईंचा जीएसटीआर-१ भरून झाला. त्यानंतर त्यांच्या एक्सेलच्या ओडीबीसी (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या) जोडणीत आकड्याऐवजी नाव टाकलं, त्यांच्यासमोर रिफ्रेश करून दाखवलं. डीएनएस रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ) ३०० वरून ६० सेकंदांवर आणला.

१२ जुलै, शनिवार रात्र

दुकानं बंद झाल्यावर सुरुवात. हाताचा बॅकअप घेतला. अ‍ॅप बंद केली. प्रोसेसलिस्टमध्ये कुणी उरलं नाही याची खात्री केली.

पॅच कमांड दिली. नकार: दुसरं काम चालू आहे. क्लाउड एसक्यूएलमध्ये एका इन्स्टन्सवर एका वेळी एकच काम चालतं. आपला बॅकअप तर संपला होता. यादीत पाहिलं तर स्वयंचलित बॅकअप नुकताच सुरू झालेला. सेटिंगमध्ये वेळ १८:०० दिसत होती आणि सगळे ती संध्याकाळची समजत होते. कमांडमधून दिलेली ती वेळ यूटीसीत असते, म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. बॅकअप मध्येच थांबवण्यापेक्षा थांबणं बरं, म्हणून अ‍ॅप बंद ठेवूनच वाट बघितली. असं काम असेल तर बॅकअपची खिडकी आधी दुपारी सरकवून ठेवा.

साडेबाराच्या सुमारास पुन्हा पॅच. तात्पुरत्या व्हीपीसीत गेला. परत आणला. १०.८४.१६.४. ए रेकॉर्ड बदलला. मिनिटभर थांबून पेढीवरच्या मशीनवरून नाव विचारलं, नवा आकडा आला. अ‍ॅप चालू केली. बिलिंगमध्ये एक खोटं बिल करून रद्द केलं, साठा बरोबर मागे आला. गोदामात रात्रपाळीचे काका जागे होते. त्यांनी स्कॅनरनं एक खोकं वाचून बघितलं आणि फोनवर सांगितलं, “आलं, आलं, नाव आलं त्याचं.” त्यानंतर फायरवॉलचा खोटा पत्ता काढायला सांगितलं.

अहवालाचं अ‍ॅप मात्र जुन्याच आयपीकडे जात होतं, कॉन्फिगमध्ये नाव असूनही. त्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसच्या आधी बघितल्या जाणाऱ्या यादीत) हेच नाव आणि पुढे जुना आकडा. ४ तारखेला डीएनएस तयार व्हायच्या आधी चाचणीसाठी टाकलेली ओळ. काढली, लागलं.

१४ जुलै, सोमवार

बाजार उघडल्यावर पेढीवरून एकच फोन: काउंटरच्या पाठीमागच्या पीसीवरून पत्त्यांची लेबलं निघत नाहीत. त्या पीसीवर ओडीबीसीत नाव टाकल्याचं शीटमध्ये लिहिलेलं होतं. जाऊन उघडलं, नावच होतं. तरी लेबलचा प्रोग्रॅम १०.६०.८.३ कडे जात होता.

विंडोजमध्ये ओडीबीसीची दोन वेगळी खाती असतात, ६४ बिटचं आणि ३२ बिटचं. एकात केलेली सिस्टम जोडणी दुसऱ्यात दिसत नाही. लेबलचा प्रोग्रॅम जुना, ३२ बिटचा. सिस्टम३२ फोल्डरमधला ओडीबीसी ६४ बिटचा आणि सिसवॉव६४ मधला ३२ बिटचा. नावं उलटी वाटतात, म्हणून दोन्ही उघडून बघायचे. दुसऱ्यात त्याच नावाची जोडणी होती, आत जुना आकडा. बदलल्यावर लेबलं निघाली. तोपर्यंत काउंटरवरच्या मुलांनी गिऱ्हाइकांचे पत्ते हातानं लिहून पार्सलं पाठवली होती. एकही ऑर्डर मागे राहिली नाही, हे त्यांचं श्रेय. मग पेढीवरच्या प्रत्येक पीसीवर दोन्ही ओडीबीसी उघडून बघितले.

१८ जुलै

आवराआवर. तात्पुरत्या व्हीपीसीची सेवा जोडणी रविवारीच पुसायला घेतली होती, तेव्हा ‘अजून वापरात आहे’ म्हणून नकार आला होता. इन्स्टन्स पुसल्याचं लगेच कळवलं जातं, पण गूगलच्या बाजूची साधनं चार दिवसांनी मोकळी होतात, आणि तालमीतला क्लोन आम्ही तिथेच पुसला होता. आज जोडणी निघाली, मग पट्टा, मग व्हीपीसी. क्लाउड राउटरच्या जाहिरातीतून जुना पट्टाही काढला. टीटीएल परत ३००. बॅकअपची वेळ पहाटे तीनला, म्हणजे सेटिंगमध्ये २१:३०.

राहिलेलं: प्रोसेसलिस्टची मोजणी ऑगस्टअखेरपर्यंत चालू ठेवतोय, कारण तिमाही अहवालाचा एक प्रोग्रॅम अजून एकदाही दिसलेला नाही. तो कुठल्या मशीनवर आहे ते हिशेब विभागाकडून सोमवारी कळेल.